फाइलींची संख्या हाही खर्चच

उजनी धरणात किती पाणी येत आहे, याचा आकडा पावसाळ्यात रोज दौंडहून कळतो. वरच्या अंगाची धरणे भरली, खडकवासल्यातून मुठेत आणि चासकमानमधून भीमेत पाणी सोडले, की ते उतरत खाली येते आणि ‘दौंड येथील विसर्ग’ म्हणून वर्तमानपत्रात छापले जाते. नदी दुथडी भरून वाहत असते तेव्हाही दौंडच्या शिवारात पावसाने ओढ दिलेली असू शकते. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षभराचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. भीमा जिथे उगम पावते त्या भीमाशंकरच्या डोंगरात याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि हे अंतर सरळ रेषेत अवघे शंभर-सव्वाशे किलोमीटरचे. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला दोन वेगळे अंदाज लागतात. घाटमाथ्यावर किती पडेल, यावर उसाच्या पाण्याचे गणित बसते. आपल्या गावात कधी पडेल, यावर काढून ठेवलेला कांदा झाकायचा की नाही हे ठरते. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या सरी’ या एका ओळीवर त्याचे काम भागत नाही.

हा अंदाज जिथे घडतो ती जागा फार दूर नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम आहे. जानेवारी २०१८ मध्ये तिथे ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यापुढचा ‘अर्का’ आला. अर्काची गणनशक्ती ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून अधिक आकडेमोडी. साठवणक्षमता ३३ पेटाबाइट. प्रत्यूषला ज्या गणिताला सुमारे १० तास लागत ते अर्का ४ तासांत करतो, असे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडून सांगण्यात आले. या बळावर २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ कार्यान्वित झाली. पूर्वीचा जागतिक अंदाज १२ किलोमीटरच्या जाळ्यावर काढला जाई, आता तो ६ किलोमीटरच्या जाळ्यावर निघतो. एका जुन्या चौकोनाच्या जागी चार चौकोन आले. घाटमाथा आणि पर्जन्यछाया यांच्यातला उतार ज्या जिल्ह्यात इतका तीव्र आहे, तिथे या बदलाचे मोल सर्वांत जास्त.

मात्र चौकोन चौपट झाले की माहितीही चौपट होते. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. १२ किलोमीटरच्या हिशेबाने त्याचे साधारण ३५ लाख चौकोन होतात, ६ किलोमीटरच्या हिशेबाने १ कोटी ४० लाखांच्या वर. प्रत्यक्षातले जाळे सगळीकडे सारखे नसते, उष्ण कटिबंधात ते अधिक दाट असते. पण अदमास यायला हा हिशेब पुरतो. प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले, तर जमिनीलगतच्या तापमानाचे एका क्षणाचे एक चित्र ५७ मेगाबाइटचे होते. असे चित्र वाऱ्याचे, आर्द्रतेचे, दाबाचे, वातावरणाच्या अनेक थरांत आणि पुढच्या दहा दिवसांतल्या दर तीन तासांसाठी काढायचे असते. बातम्यांत यंत्राचा वेग छापून येतो, साठवणीचे पेटाबाइट छापून येतात. ही सगळी माहिती किती फाइलींमध्ये ठेवली जाते आणि एकेक फाइल किती डिस्कांवर पसरलेली असते, हे कुठे छापून येत नाही. महासंगणकाचा खरा उपयोग किती होईल हे या दोन न छापलेल्या आकड्यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि म्हणून सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रांवर फाइलींची संख्या हा जागेइतकाच आणि वेळेइतकाच खर्च मानला पाहिजे, हे या लेखात मांडायचे आहे.

आधी साध्या संगणकापासून सुरुवात करू. फाइल म्हणजे दोन वस्तू असतात: आतला मजकूर आणि त्या मजकुराची नोंद. फाइल कोणाची, किती मोठी, कधी बदलली, कोणाला वाचायची परवानगी आहे आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत, हे सगळे या नोंदीत असते. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत या नोंदीला आयनोड म्हणतात. १९७०च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेली ही कल्पना आजही लिनक्सच्या पोटात आहे, आणि आज जगातले जवळपास सगळे मोठे महासंगणक लिनक्सवर चालतात. लिनक्सवरची नेहमीची ‘ईएक्सटी४’ ही फाइल प्रणाली डिस्क पहिल्यांदा तयार करतानाच ठरवून टाकते की एकूण किती आयनोड असतील. साधारण दर १६ किलोबाइट जागेमागे एक. एक टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे सहा कोटी आयनोड मिळतात. दहा बाइटची फाइल एक आयनोड खाते आणि दहा जीबीची फाइलही एकच खाते. त्यामुळे बारीक फाइली इतक्या साचू शकतात की डिस्क निम्मी रिकामी असतानाही नवी फाइल घेत नाही. पडद्यावर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येतो, जागा तर शिल्लक दिसते, आणि माणूस गोंधळतो. ‘डीएफ’ ही आज्ञा ‘आय’ या पर्यायासह दिली की उलगडा होतो: जागा उरली आहे, नोंदी संपल्या आहेत.

हा प्रश्न महासंगणकांपुरता मर्यादित नाही. भाड्याच्या सर्व्हरवर संकेतस्थळ चालवणाऱ्या दुकानदाराच्या, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या करारातही जागेसोबत आयनोडची मर्यादा असते. अनेक मेल सर्व्हर प्रत्येक ईमेलची स्वतंत्र फाइल करतात. जाहिरातींचे मेल वर्षानुवर्षे कोणी पुसत नाही, आणि एक दिवस जागा शिल्लक असतानाही नवे मेल येणे थांबते.

महासंगणकावर हेच चित्र वेगळ्या मापाने दिसते. तिथे एक संगणक नसून शेकडो-हजारो असतात आणि ते सगळे एकाच वेळी एकाच साठवणीतून वाचतात, तिथेच लिहितात. त्यासाठी समांतर फाइल प्रणाली लागते. पुण्याच्या सी-डॅकने ‘परम’ मालिकेसाठी एके काळी स्वतःची अशी प्रणालीही रचली होती. आज जगभर जिचा बोलबाला आहे ती लस्टर. पीटर ब्राम यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प २००३ मध्ये पहिल्यांदा वापरात आला. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधल्या ‘परम’ यंत्रांवरही लस्टर आहे. तिची रचना सोपी आणि मोठी हुशारीची आहे: मजकूर एकीकडे, नोंदी दुसरीकडे. मजकूर अनेक साठवण-सर्व्हरांवर विभागला जातो. नोंदी सांभाळायला वेगळा मेटाडेटा सर्व्हर असतो. फाइल उघडायची की आधी मेटाडेटा सर्व्हरला विचारायचे, त्याने पत्ता दिला की मग थेट साठवण-सर्व्हरांशी बोलायचे.

साखरपट्ट्यातल्या वाचकाला हे कारखान्याच्या काट्यावरून चटकन लक्षात येईल. ट्रक भरून ऊस येवो की बैलगाडीत चार मोळ्या, प्रत्येक वाहनाला काट्यावर थांबावे लागते, वजन होते, नोंद होते, पावती मिळते. गाळपाची क्षमता दुप्पट केली आणि सगळा ऊस चार-चार मोळ्यांनीच आला, तर गव्हाण रिकामी राहील आणि रांग मात्र काट्यापासून रस्त्यापर्यंत लागेल. मेटाडेटा सर्व्हर हा तो काटा. पेटाबाइट वाढवल्याने त्याची रांग कमी होत नाही, आणि ही रांग सर्वांची असते: एकाने लाखो बारीक फाइली उघडायला सुरुवात केली की ज्याची एकच मोठी फाइल आहे त्यालाही थांबावे लागते.

मोठ्या फाइलीची अडचण याच्या उलट. लस्टरमध्ये वेगळे काही सांगितले नाही तर सामान्यतः एक फाइल एकाच साठवण-घटकावर ठेवली जाते. समजा त्या घटकाचा वेग सेकंदाला एक जीबी आहे आणि फाइल एक टेराबाइटची आहे. मग तुमच्याकडे हजार प्रोसेसर असले तरी ती लिहायला सुमारे १७ मिनिटे लागणार. तीच फाइल १६ घटकांवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरवली, पहिला एक मेगाबाइट पहिल्यावर, दुसरा दुसऱ्यावर, अशा फेऱ्या केल्या, तर काम साधारण एका मिनिटात उरकते. याला स्ट्रायपिंग म्हणतात. डिस्कांच्या जोडण्यांत हे तत्त्व जुनेच आहे; १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ या नावाखाली ते व्यवस्थित मांडले होते. लस्टरमध्ये ‘एलएफएस सेटस्ट्राइप’ या एका आज्ञेने वापरकर्ता स्वतः ठरवू शकतो की या फोल्डरमधल्या फाइलींचे किती पट्टे पाडायचे आणि पट्टा किती रुंद ठेवायचा. ही सोय विनामूल्य हाताशी असते. ती न वापरता यंत्र मंद असल्याची तक्रार करणारे वापरकर्ते जवळपास प्रत्येक केंद्रावर सापडतात, आणि त्यांना दोष देण्यापेक्षा त्यांना ती कोणी शिकवली होती का, हे विचारणे जास्त योग्य.

मोठी फाइल आणि बारीक फाइली, दोन्ही प्रश्न एकाच कामात कसे समोर येतात याचे उत्तम उदाहरण शिरूर लोकसभा मतदारसंघातच आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मधल्या चौकात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात नारायणगाव-खोडद परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण आज जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. २६ सप्टेंबर २०२४ रोजी, अर्काच्याच दिवशी, देशात तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. एक दिल्लीला, एक कोलकात्याला आणि तिसरा जीएमआरटीसाठी. त्याचे एक काम म्हणून फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हणजे मिलिसेकंदांत चमकून विझणाऱ्या रेडिओ लहरींच्या स्फोटांचा शोध, असे सांगितले गेले.

असा स्फोट किंवा पल्सारचा स्पंद आपल्यापर्यंत येताना अंतराळातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांतून येतो. त्या प्रवासात कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात, जास्त वारंवारतेच्या पुढे पोचतात, आणि मूळचा तीक्ष्ण ठोका फिस्कटून जातो. तो पुन्हा एकत्र आणायचा तर वाटेत किती इलेक्ट्रॉन होते हे माहीत हवे, आणि ते तर माहीत नसते. म्हणून शास्त्रज्ञ हजारो वेगवेगळी मूल्ये धरून पाहतात: इतके असतील तर ठोका असा दिसेल, तितके असतील तर तसा. दुर्बिणीतून आलेली मूळ नोंद ही एक अवाढव्य फाइल. तिला रुंद पट्टे हवेत, नाहीतर ती वाचण्यातच वेळ जाईल. पण पल्सार शोधायच्या रुळलेल्या पद्धतीत प्रत्येक धरलेल्या मूल्यासाठी दोन नव्या फाइली तयार होतात, एक आकड्यांची आणि एक तिच्या माहितीची. समजा ४,००० मूल्ये तपासली, तर आकाशाच्या एका तुकड्यामागे ८,००० फाइली. असे शंभर तुकडे म्हणजे आठ लाख. त्या फाइलींना रुंद पट्टे पाडले तर नुकसानच, कारण एवढ्याशा फाइलीचे तुकडे शोधायला अनेक सर्व्हरांना विचारावे लागते. एकाच संशोधकाला एकाच दिवशी दोन विरुद्ध निर्णय घ्यावे लागतात. यावरचा खरा तोडगा मात्र डिस्कच्या बाहेर, प्रोग्रॅमच्या रचनेत मिळतो. नवी साधने हा सगळा शोध ग्राफिक्स प्रोसेसरच्या स्मृतीतच उरकतात आणि ज्या मूल्याशी काही संशयास्पद दिसले तेवढेच लिहून ठेवतात. विज्ञान तेच, शोध तेवढाच बारीक, आणि आयनोडचा खर्च नाममात्र.

हवामानाचा हिशेब तर याहून बोलका आहे. जून २०१८ पासून भारतात २१ सदस्यांचा समूह-अंदाज दिला जातो: सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एकच अंदाज २१ वेळा काढायचा आणि त्यातून शक्यता सांगायची. ‘दौंडला पाऊस पडेल’ याऐवजी ‘पडण्याची शक्यता इतकी’ असे म्हणता येते ते यामुळे. आता एक काल्पनिक पण अगदी शक्य असलेली सवय धरू: संशोधकाने प्रत्येक सदस्य, प्रत्येक वेळ, प्रत्येक घटक आणि प्रत्येक थर यांची वेगळी फाइल केली. २१ सदस्य, दहा दिवसांच्या ८० वेळा, १० घटक, २० थर. गुणाकार ३ लाख ३६ हजार फाइलींचा. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस हे रोज केले तर चार कोटींहून जास्त फाइली होतात. तीच माहिती नेटसीडीएफ किंवा ग्रिब या हवामानशास्त्रातल्या सर्वमान्य स्वरूपांत, प्रत्येक सदस्याची दिवसाला एक फाइल अशी ठेवली, तर पूर्ण मोसमात २,५६२ फाइली. एक आकडाही गाळलेला नाही, अचूकतेत कसलीही तडजोड नाही. चार कोटी विरुद्ध अडीच हजार हा फरक कोणत्याही खरेदीने मिळालेला नाही, आधी दहा मिनिटे विचार केल्याने मिळालेला आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो खरेदीचाच: डिस्क स्वस्त झाल्या आहेत, नोंदींची जागाही वाढवा, माणसांना का अडवता? यात थोडे तथ्य आहे. लस्टरमध्ये २०१३ पासून एकापेक्षा जास्त मेटाडेटा सर्व्हर जोडता येतात आणि २०१६ पासून एकच फोल्डर अनेकांवर वाटताही येते. नोंदींच्या एका घटकात, त्याच्या नेहमीच्या मांडणीत, सुमारे ४०० कोटी आयनोड मावू शकतात. पण नोंद ठेवून काम संपत नाही. जुन्या फाइली शोधणे, प्रत घेणे, बिघाडानंतर तपासणी करणे, प्रत्येक वापरकर्त्याचा हिशेब काढणे, या सगळ्यांत एकेका नोंदीला हात लावावा लागतो. शंभर कोटी फाइली असतील आणि सेकंदाला दहा हजार तपासून होत असतील, तर एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २८ तास लागतात. रोज रात्री करायचे काम दिवसाच्या चोवीस तासांत मावत नाही. चुंबकीय टेपवर जुनी माहिती हलवताना तर बारीक फाइली फारच महाग पडतात, कारण टेप सलग लिहिण्यासाठी बनलेली असते. जागा विकत घेता येते. हा वेळ विकत घेणे फार अवघड.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे: प्रणालीने आपणच योग्य निर्णय घ्यावा, वापरकर्त्याच्या डोक्याला ताप कशाला? लस्टरने त्या दिशेने बरीच मजल मारली आहे. २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत फाइल लहान असेपर्यंत एका घटकावर आणि वाढत जाईल तशी आपोआप जास्त घटकांवर, अशी मांडणी करता येते. त्यानंतरच्या वर्षी अगदी बारीक फाइलींचा मजकूर नोंदीशेजारीच ठेवण्याची सोय आली. या सुधारणांनी स्ट्रायपिंगचा प्रश्न बराचसा सोपा केला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रत्येक केंद्राने हीच मांडणी मूळ व्यवस्था म्हणून ठेवावी. मात्र चार कोटी फाइली करायच्या की अडीच हजार, हे कोणतीही प्रणाली तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. त्या फाइलींत काय आहे आणि कोणत्या एकत्र वाचल्या जाणार आहेत, हे फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असते. मेघसाठवणीतल्या नव्या पद्धतींत पारंपरिक अर्थाने आयनोड नसतात, असेही सांगितले जाते. पण तिथेही प्रत्येक विनंतीचे पैसे आकारले जातात, त्यामुळे बारीक तुकड्यांचा खर्च निराळ्या नावाने बिलात येतोच.

तिसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाजूने येतो आणि आज तो सर्वांत जोरात आहे. यंत्राला शिकवायला लाखो छायाचित्रे लागतात. इमेजनेट या प्रसिद्ध संग्रहाच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संचात एकट्या शिकवणीसाठीची १२ लाख ८० हजारांच्या वर चित्रे आहेत, आणि प्रत्येक चित्र म्हणजे एक फाइल. मग या क्षेत्राने काय करायचे? उत्तर याच क्षेत्राने शोधून ठेवले आहे. चित्रे काही हजारांच्या गठ्ठ्यांत बांधायची, गठ्ठा सलग वाचायचा आणि क्रम बदलायचा तो स्मृतीत आणल्यावर. टार, एचडीएफ५ किंवा टीएफरेकॉर्ड अशा स्वरूपांनी हे सहज होते, आणि शिकवणीचा वेगही बहुधा वाढतो, कारण महागडे ग्राफिक्स प्रोसेसर फाइल उघडण्याची वाट पाहत रिकामे बसत नाहीत. पायथनची साधने बसवताना होणाऱ्या लाखभर बारीक फाइलींवरही उपाय आहे: सगळे एका कंटेनरमध्ये भरावे, म्हणजे बाहेरून ती एकच फाइल दिसते. ऊस आणि कांद्याच्या पानांवरचे रोग छायाचित्रांतून ओळखण्याचे प्रयोग विद्यार्थी हौसेने हाती घेत आहेत. पहिल्याच प्रकल्पात चित्रांचे गठ्ठे बांधायला त्यांना शिकवले, तर ही सवय आयुष्यभर पुरेल.

शेवटचा आक्षेप माणसांचा आहे आणि त्याला सर्वांत जास्त मान दिला पाहिजे. आयनोडची मर्यादा घातली की तिचा फटका कोणाला बसतो? ज्याच्या गटात अनुभवी प्रोग्रॅमर आहेत त्याला सहसा बसत नाही. शिरूर किंवा दौंडच्या महाविद्यालयातून पुढे आलेला, पहिल्यांदाच महासंगणकावर खाते मिळालेला विद्यार्थी तिच्यात अडकतो. रात्री लावलेले काम सकाळी अर्धवट बंद पडलेले दिसते, संदेश जागा संपल्याचा असतो, जागा तर भरपूर दिसते, आणि विचारायचे कोणाला हे कळत नाही. न शिकवता लादलेली मर्यादा हा अन्याय आहे. त्याशिवाय, सगळे एका फाइलीत कोंबण्यातही धोका असतो. ती एक फाइल बिघडली तर पूर्ण काम जाते, आणि अनेक प्रोसेसर एकाच फाइलीत लिहू लागले तर समांतर लेखनाची योग्य पद्धत न वापरल्यास तेही एकमेकांना अडवतात. म्हणून गठ्ठा किती मोठा असावा याचा विचार लागतोच: बहुतेक कामांना काहीशे मेगाबाइट ते काही जीबी हे माप मानवते. पण या सगळ्यातून मर्यादा काढून टाकावी हे सिद्ध होत नाही. उलट मर्यादा नसेल तर काट्याची रांग सर्वांत निष्काळजी वापरकर्त्याच्या हाती जाते, आणि त्याच नवख्या विद्यार्थ्याचे नीट लिहिलेले कामही तिच्यात खोळंबते. मर्यादा ठेवावी, ती ओलांडायच्या बरीच आधी सूचना द्यावी, गरज पटवून दिली तर वाढवून द्यावी आणि खाते मिळताना हे सगळे समजावून सांगावे.

अंदाजाला वेळेचे बंधन असते, ही गोष्ट इथे निर्णायक ठरते. सकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर चालवलेल्या गणिताचे उत्तर दुपारनंतर मिळाले, तर त्या दुपारच्या वळिवासाठी ते निरुपयोगी. प्रोसेसरांनी मिळवून दिलेले सहा तास फाइलींच्या रांगेत अंशतः जरी वाया गेले, तरी तो तोटा थेट शेतात पोचतो. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनला २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची तरतूद मिळाली. हवामानासाठीच्या नव्या यंत्रणेवर ८५० कोटी आणि तीन परम रुद्रांवर १३० कोटी खर्च झाले. हा सगळा पैसा करदात्यांचा आहे.

एवढ्या खर्चाच्या शेजारी करायची कामे अगदी थोडक्या पैशांत होण्यासारखी आहेत. महासंगणकावर वेळ मागण्याच्या प्रत्येक अर्जात किती तास आणि किती टेराबाइट यांच्या जोडीला किती फाइली, असा तिसरा रकाना असावा. केंद्रांनी आपल्या वार्षिक अहवालांत यंत्राचा वेग सांगताना एकूण फाइलींची संख्या आणि फाइलींचे सरासरी माप हेही छापावे. पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत आयनोड मोजणे आणि फाइलीचे पट्टे ठरवणे यासाठी निदान दोन तासिका द्याव्यात; त्यासाठी महासंगणक लागत नाही, प्रयोगशाळेतला साधा लिनक्स संगणक पुरतो. आणि ज्यांच्या हाती आज असे खाते आहे, त्यांना एक विनंती: पुढचे काम रांगेत लावण्याआधी ते किती फाइली लिहिणार आहे, हे एकदा कागदावर गुणाकार करून पाहा. उत्तर लाखांत आले, तर काम लावण्याआधी प्रोग्रॅम बदला.